समुद्रापलीकडची सवत

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालणारी, अंगाने काळी, पोटावर सोनेरी वेलबुट्टी असलेली. ती वेलबुट्टी आता निम्मी पुसली गेली आहे, कारण चाळीस वर्षे एकाच बाईचा उजवा हात तिच्यावर टेकत आला. आपली कहाणी सांगणारे बहुधा आधी आपले गुण सांगतात. मी आधी माझा अवगुण सांगते. मी मत्सरी आहे. माझ्या माणसाने दुसऱ्या कुणाचे कौतुक केले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हा अवगुण मी फार दिवस लपवला, पण एका प्रसंगाने तो उघडा पडला. तोच प्रसंग तुम्हाला सांगायचा आहे.

माझा जन्म कारखान्यातला. ओतीव लोखंडाचे माझे अंग घडले, त्यावर काळा रंग चढला. एका कारागिराने माझे चाक फिरवून पाहिले, जुन्या चादरीच्या तुकड्यावर वीतभर टीप मारली, ती डोळ्यांजवळ धरली आणि "जा" असे म्हणून मला खोक्यात घातले. एवढाच माझा निरोपसमारंभ.

एका दगडी चर्चच्या महिला मंडळाने मला विकत घेतले आणि वेदीमागच्या लहान खोलीत ठेवले. माझ्या उजवीकडे पाळकांच्या झग्यांचे कपाट होते. डावीकडे खिडकी होती आणि खिडकीबाहेर सायकली लावायची जागा. खोलीत मेणाचा आणि डांबरगोळ्यांचा वास असे. चर्चची झाडलोट करणाऱ्या आणि घंटा वाजवणाऱ्या माणसाचे त्याच वर्षी लग्न झाले होते. त्याच्या एकोणीस वर्षांच्या बायकोला शिवण येत होते. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि मग उठलीच नाही, असे म्हटले तरी चालेल.

तिला सगळे टाचणीमावशी म्हणत. शिवताना तिच्या ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे तिला बोलता येत नसे. ही बाई फार अबोल आहे, असा मंडळीचा समज होता. माझा नव्हता. दुपारी खोलीत आम्ही दोघीच असलो की ती टाचण्या काढून ठेवी आणि माझ्याशी मनसोक्त बोले. नवऱ्याचा खोकला, सासूचा स्वभाव, गायनमंडळातल्या कुणाचा आवाज फाटला आहे, सगळे मला ठाऊक असे.

आम्ही दोघींनी काय नाही शिवले! वेदीवरची चार रंगांची कापडे, पांढरे, जांभळे, हिरवे आणि लाल. गायनमंडळाचे झगे. बाप्तिस्म्याचे इवले इवले सदरे, ज्यांची बाही माझ्या सुईजवळच्या दाबपट्टीखाली कशीबशी मावे. गुडघे टेकायच्या उशा. एकदा बिशपसाहेब आले होते. त्यांनी वेदीवरच्या हिरव्या कापडाचा काठ बोटांत धरून विचारले, "हा काठ कुणी शिवला?"

मावशी लाजून म्हणाली, "मशीननं, साहेब."

"मशीन तर आमच्याही घरी आहे," बिशपसाहेब हसले. "पण ती असं शिवत नाही."

ते कौतुक खरे तर तिचे होते. पण मी ते सगळेच्या सगळे माझ्या खात्यात घालून टाकले आणि पुढची वीस वर्षे त्यावर काढली.

मग दिवस पालटले. झगे तयार मिळू लागले. मावशीचा नवरा गेला, घंटेला दुसरा माणूस आला. मावशी मात्र दर मंगळवारी आणि शुक्रवारी येत राहिली. फाटलेले सांधायचे, सैल झालेले आवळायचे. काम थोडे होते, पण ते माझे होते आणि ती माझी होती. मला आणखी काही नको होते.

एके वर्षी नवे पाळक आले. वयाने लहान, उंचीने भलतेच मोठे. आमच्या खोलीच्या दारात ते दर वेळी डोके आपटत आणि दर वेळी दाराचीच माफी मागत. एका रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी भिंतीवर मोठा नकाशा टांगला. खोलीचे दार उघडे होते, त्यामुळे मला सारे ऐकू येत होते.

"आजपासून आपल्याला समुद्रापलीकडे नातेवाईक आहेत," ते म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितले. एका बिशपांच्या देखरेखीखाली जितकी चर्चे असतात, त्या सगळ्यांचा मिळून एक धर्मप्रांत होतो. आपला धर्मप्रांत आता दूरच्या एका अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, धर्मप्रांताशी जोडला गेला आहे. तिथे बावीस छोटी बेटे आहेत आणि मिळून सातच पाळक. पाळक होडीने येतो. समुद्र खवळला की त्या महिन्यातला प्रभुभोजनाचा भाकरी-द्राक्षारसाचा विधी पुढच्या महिन्यावर जातो.

"त्यांची उपासना कशी असते?" मागून कुणीतरी विचारले.

"आपल्यासारखीच. प्रार्थनापुस्तक तेच, भाषा वेगळी. आज आपण जो उतारा वाचला, तोच आज त्यांनीही वाचला असेल."

महिला मंडळाच्या चिटणीस लगेच उभ्या राहिल्या. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि त्या बोलू लागल्या की माणसे नकळत सरळ बसत. "नातं जोडलं म्हणजे देणंघेणं आलं," त्या म्हणाल्या. "पाळकसाहेब, आपल्या चर्चचे फोटो पाठवा त्यांना. आपणही नीटनेटके आहोत, हे कळू दे."

फोटो गेले. दोन महिन्यांनी तिकडून एक पार्सल आले.

ते आमच्याच खोलीत, माझ्याच पाटावर उघडले गेले. आतून निघाला एक अर्धा पडदा. हो, अर्धाच! पांढऱ्या जाड कापडावर हातांनी भरलेला निळा समुद्र, वर मोकळे आकाश आणि कडेला एक होडी. बरोबर इंग्रजीत लिहिलेले पत्र होते. पाळकांनी ते वाचून दाखवले. तिथल्या बायकांनी लिहिले होते की हा आमचा अर्धा भाग, तुमचा अर्धा तुम्ही भरा. मग दोन्ही जोडा आणि वर्षभर तुमच्या वेदीमागे लावा. पुढच्या वर्षी तो आमच्याकडे पाठवा.

खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. "काय सुरेख हात आहे!" "लाटा बघा, हलताहेत असं वाटतं!" मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाल्या, "हे खरं काम. मशीनच्या टाक्यात हा जीव कुठला?"

मी तिथेच होते. त्यांचा हात माझ्या चाकावर टेकलेला होता. तरी त्या असे म्हणाल्या.

सगळे गेल्यावर मावशीने ओठांतल्या टाचण्या काढल्या. "चाळीस वर्षं," ती मला म्हणाली, "चाळीस वर्षं वेदीवरचं कापड बघताहेत ही माणसं. कुणी कधी म्हणालं, काठ सुरेख आहे? एक बिशपसाहेब सोडले तर? आणि ही कोण कुठली बाई, तिनं चार लाटा काढल्या, तर सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं."

मित्रांनो, खरे सांगते, तो आठवडा माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा आठवडा होता. आम्ही दोघी मिळून जळत होतो. मावशी तो अर्धा पडदा रोज काढी आणि त्यात खोडी शोधी. डावा काठ वाकडा आहे. होडीचे शीड फार मोठे आहे, अशी होडी कलंडेल. मोठ्या बाई आल्या तेव्हा मावशी त्यांच्यासमोरही म्हणाली, "बाई, निळा रंग तीन तऱ्हेचा आहे. एक लच्छी पुरली नाही वाटतं." मोठ्या बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिले.

खोड्या शोधता शोधता मावशीने एके दिवशी कापड उलटे केले. भरतकाम करणाऱ्या बाईची परीक्षा उलट्या बाजूला होते, हे तिला पक्के ठाऊक होते. तिथे तिला काय दिसले? होडीच्या जागी कापड चाळणीसारखे झाले होते. तीच होडी कुणीतरी भरली होती, उसवली होती, पुन्हा भरली होती, पुन्हा उसवली होती. शेजारी सुई बोटात घुसल्याचा लहानसा तपकिरी डाग होता.

मावशीने त्या डागावरून बोट फिरवले. मग स्वतःशीच हसली. "अगंबाई," ती म्हणाली, "हिचंही माझ्यासारखंच. मनासारखं होईपर्यंत जिवाला चैन नाही."

आणि तिथून माझे नशीब फिरले.

आपला अर्धा भागही हातांनीच भरायचा, असे मावशीने ठरवले. तिने माझ्यावर चादर टाकली. चादरीवर भरतकामाची रिंग आली, दोऱ्यांच्या लच्छ्या आल्या, कातर आली. मी आता शिलाई मशीन राहिले नव्हते. मी टेबल झाले होते. ती खिडकीशी खुर्ची ओढून बसे आणि आमचे दगडी चर्च, त्याची पायरी, पायरीवरच्या चपला टाका टाका भरत जाई. तिकडे पत्रेही जाऊ लागली. होडी भरणारी बाई स्वतः होडी चालवते आणि शेजारच्या दोन बेटांवरच्या म्हाताऱ्या बायकांना उपासनेला घेऊन येते, असे एका पत्रातून कळले. मावशीने तिचे नाव होडीवाली ठेवले. पाळक पत्र वाचून दाखवत आणि मावशीचे उत्तर लिहून घेत.

"आज होडीवालीचं काही आलं का हो?" हा तिचा पहिला प्रश्न असे. मला ती काही विचारीत नसे. पूर्वी माझ्याशी जे बोलायची, ते आता पत्रात जाई. नवऱ्याच्या आठवणीसुद्धा. मला सवत आली होती, आणि तीही घरात पाऊल न टाकता. चादरीखाली माझा जळफळाट होई. मी मनात म्हणत असे, एक दिवस तुला माझी गरज पडेल, तेव्हा दाखवीन.

ती गरज पडली. पाच महिन्यांनी मावशीचा अर्धा भाग पूर्ण झाला. येत्या रविवारी पडदा लावून त्या धर्मप्रांताची ओळख साऱ्या मंडळीला करून द्यायची होती. गुरुवारी दुपारी मावशीने माझ्यावरची चादर काढली. "जोड मात्र मशीनचाच हवा," ती म्हणाली. "हाताचा टिकायचा नाही." तिने घाईघाईने मला तेल घातले, पण पुसायचे विसरली. दोन्ही अर्धे भाग माझ्या दाबपट्टीखाली आले. एका बाजूला आमची पायरी, दुसऱ्या बाजूला होडीवालीचे आकाश.

निम्मी टीप नीट गेली. मग एकाएकी मावशीचा पाय सुटला. चाक उलटे फिरले, खाली बॉबिनमध्ये दोरा गुंतला, सुई कडकन मोडली. घाबरून तिने कापड ओढले, तर माझ्या पोटावरचे काळे तेल होडीवालीच्या पांढऱ्या आकाशावर तळहाताएवढे फासले गेले.

मला आनंद झाला. लपवत नाही. मला वाटले, हे मीच केले, माझ्या रागाने केले. असू दे.

तेवढ्यात मोठ्या बाई काम कुठवर आले ते पाहायला आत आल्या. त्यांनी डाग पाहिला. मग मावशीकडे पाहिले.

"हे मुद्दाम केलंस का गं?" त्यांनी हळूच विचारले.

माझा आनंद तिथल्या तिथे विझला. मत्सर माझा होता आणि पिंजऱ्यात उभी होती ती! मला ओरडून सांगायचे होते, पण यंत्राला तोंड कुठले?

मावशीने ओठांतली एकेक टाचणी काढून उशीत खोचली. शेवटची खोचून झाल्यावर ती म्हणाली, "पहिल्या आठवड्यात विचारलं असतंत, बाई, तर मलाही विचार करावा लागला असता. तेव्हा मी खरंच जळत होते. आज नाही केलं मी. गुडघ्यानं केलं."

"गुडघ्यानं?"

"पायडल दाबलं की इथून कळ निघते, ती पार कमरेपर्यंत. वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, पायमशीन बंद म्हणजे बंद."

"वर्ष झालं? आणि आम्हाला बोलली नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही म्हणाला असतात, आराम कर. मग सगळंच तयार मागवलं असतं." मावशीने डोळे पुसले. "मग मंगळवारी आणि शुक्रवारी मी कुठं जायचं, बाई?"

मोठ्या बाई मेणबत्त्यांच्या पेटीवर मटकन बसल्या. "आणि आम्ही तुझ्याकडून झगे सांधून घेत राहिलो," त्या म्हणाल्या. आणि मी? पाच महिने मी समजत होते की तिने मला टाकले, दुसरीसाठी टाकले. तिच्या गुडघ्याचा विचार माझ्या लोखंडी डोक्यात एकदाही आला नव्हता.

रात्रभर डागावर खडूची भुकटी दाबून ठेवली. डाग फिकटला, गेला मात्र नाही. शुक्रवारी सकाळी पाळकांनी डोके आपटले, दाराची माफी मागितली आणि फोनवर व्हिडिओ कॉल लावला. फोनच्या पडद्यावर एक धिप्पाड, सावळी बाई दिसली. तिचा चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला होता. होडीवाली! मागे पाच-सहा बायका दाटीवाटीने उभ्या होत्या. पाळक दुभाषे झाले.

मावशीने सगळे जसेच्या तसे सांगितले. डाग दाखवला. आधीचे जळणेही सांगितले, काही राखले नाही.

होडीवालीने चष्मा सारखा करून डाग नीट पाहिला. मग होडीवाली इतक्या मोठ्याने हसली की पाळकांनी फोन हातभर लांब धरला. "ती म्हणते," ते सांगू लागले, "तुम्ही पाठवलेल्या फोटोत वेदीवरचं हिरवं कापड होतं. त्याचा सरळ काठ बघून तिचंच पोट दुखायला लागलं. या बायका आपल्याला हसतील, असं वाटून तिनं ती होडी चार वेळा उसवली."

मावशी आ वासून बघत राहिली.

"आणि ती विचारते, तो काठ कोणत्या मशीनवर शिवला? तिला बघायची आहे."

फोन माझ्याकडे वळला. तिकडच्या बायका पुढे सरकल्या. मला चालवून दाखवा, असा त्यांचा आग्रह. मावशीला तर पायडल दाबायचे नव्हते. तेव्हा मोठ्या बाई पदर खोचून माझ्यासमोर बसल्या. त्यांनी आयुष्यात कधी मशीन चालवली नव्हती. चाक पुढे जायच्या ऐवजी मागे गेले, दोरा तुटला, दुसऱ्यांदाही तुटला. "उलटं नाही हो बाई, सरळ!" मावशी त्यांच्यावर ओरडली. मोठ्या बाईंवर ओरडणारे माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. तिसऱ्या खेपेला मी खडखडत धावू लागले. तिकडे होडीवाली हळू आवाजात काही सांगू लागली.

"त्यांच्याकडे एक मशीन होती," पाळक म्हणाले. "खाऱ्या हवेनं गंजली. आता तिचं धूड होडीला नांगर म्हणून वापरतात. आणि होडीवाली म्हणते, डाग राहू द्या. फार धुतलंत तर निळा रंग पसरेल."

मी मत्सरी असेन, पण मूर्ख नाही. ज्यांच्यावर मी जळत होते, त्या माझ्यासाठी जीव टाकत होत्या. आणि त्यांच्याकडची माझी बहीण समुद्राच्या तळाशी पडून होड्या धरून ठेवत होती.

उरलेली टीप मोठ्या बाईंनी मावशीच्या देखरेखीखाली माझ्यावरच मारली आणि रविवारी पडदा लागला. ओळख करून द्यायला पाळक उभे राहणार होते, पण त्यांनी मावशीला पुढे बोलावले. चाळीस वर्षांत ती मंडळीसमोर कधी बोलली नव्हती, आणि त्या दिवशी तिच्या ओठांत टाचण्या नव्हत्या. तिने नकाशाकडे बोटही दाखवले नाही. होडीवाली तीन तास वल्हवून दोन म्हाताऱ्यांना उपासनेला आणते, आणि भरती आली तर त्या चर्चमध्येच मुक्काम करतात, हे तिने सांगितले. पाळक येऊ शकला नाही तर त्या बायका आपल्या आपण शास्त्रपाठ वाचतात आणि आजाऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना करतात, हे सांगितले. "त्या यादीत आता माझा गुडघाही आहे," ती म्हणाली, आणि सगळे हसले. मग डागाकडे बोट करून ती म्हणाली, "तो माझ्या हातचा आहे. मी त्यांच्यावर जळत होते, त्या माझ्यावर. अशी झाली आमची ओळख."

शेवटी तिने जे सांगितले, ते ऐकून मी हादरले. "पुढच्या वर्षी पडद्याबरोबर आपली मशीनही तिकडे जाऊ दे."

मला? सवतीच्या घरी? मला वाटले, एवढ्या सगळ्यानंतर ही मला घालवून देते आहे!

वर्षभराने, जायच्या आदल्या दिवशी दुपारी मावशीने मला शेवटचे पुसले. कापड पुढे सरकवणाऱ्या दातांमधला धागा न् धागा काढला. "रुसू नकोस," ती म्हणाली. "माझ्याच्यानं तुला चालवणं होत नाही, आणि तू नुसती उभी राहून गंजावंस हे मला बघवणार नाही. तिचा हात चांगला आहे. मी उलटी बाजू बघितली आहे." मग तिने माझ्या वेलबुट्टीवर हात टेकला. माझे लोखंडी पाय तिथेच राहिले. वरचा भाग गवतात गुंडाळून खोक्यात गेला.

आता मी बेटावर आहे. इथल्या होड्या बांधणाऱ्या सुताराने मला लाकडी पाय करून दिले. पहिला आठवडा मी मुद्दाम टाके सोडले. होडीवाली चिडली नाही. तिने मला उलटे केले, आतली धूळ काढली, कान लावून चाक ऐकले. इथली हवा खारी आहे, म्हणून ती रोज मला तेल घालते आणि पुसायला विसरत नाही. या बेटावरचे बाप्तिस्म्याचे सदरे आता मीच शिवते. मावशीची पत्रे येतात. मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्याकडे भरतकाम शिकायला सहा जणी येतात, मोठ्या बाईही, आणि सर्वांत वाकडा टाका त्यांचाच असतो. पत्र होडीवालीच्या नावे असते. माझी चौकशी शेवटच्या एका ओळीत असते. मला अजूनही त्याचे वाईट वाटते.

मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल घाला, त्याच्यावर नुसती चादर टाकून विसरू नका, एवढे मी मागणारच. पण एक गोष्ट त्याहून मोठी आहे. तुमचे माणूस तुमच्याशी बोलेनासे झाले, तर ते दुसऱ्या कुणाचे झाले असे लगेच समजू नका. आधी जवळ जा आणि त्याला कुठे दुखते आहे का, ते विचारा. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.